काळा दगड, पांढरं पाणी आणि अर्धा सेकंद

दगड काळा आणि पाणी पांढरं, ही इंदूरच्या आसपासच्या धबधब्यांची कॅमेऱ्यापुरती पहिली अडचण. महूच्या पुढे माळव्याचं पठार संपतं, विंध्याचा कडा लागतो आणि जमीन झपकन निमाडात उतरते. पातालपाणी, तिंछा, मानपूरजवळची शीतलामाता ही सगळी त्या कड्याचीच ठिकाणं. खडक बेसाल्टचा, म्हणजे सह्याद्रीत आहे तोच. पुण्या-नाशकाकडून आलेल्या पाहुण्यांना त्यामुळे इथे फारसं परकं वाटत नाही. पण ओला बेसाल्ट आणि फेसाळ पाणी एका चौकटीत घेतलं की कॅमेऱ्याची पंचाईत होते. दगडासाठी उजेड वाढवला तर पाण्याच्या जागी कोरी पट्टी उरते, आणि पाणी सांभाळलं तर दगड काळाठिक्कर.

मला तर त्याच पाण्याला मऊ करायचं होतं. नव्या फ्लॅटच्या बैठकीतली एक लांब भिंत रिकामी होती आणि तिथे वाहत्या पाण्याचा तीन फूट बाय दोन फूट फोटो लावायचा असं घरात ठरलं. मी बाजारात तयार फोटो बघायला लागले तशा सासूबाई म्हणाल्या, “घरात कॅमेरा धूळ खात पडलाय आणि भिंतीवर विकतचा धबधबा?” विषय तिथेच संपला.

कॅमेरा जुना डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ची लेन्स. ट्रायपॉड खालच्या मजल्यावरच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या दादांचा. तो इतका जड की उचलून नेताना शिव्या याव्यात, पण वाहत्या पाण्याशेजारी उभा करायला जडच बरा. राहिले फिल्टर. पाणी मऊ दिसतं ते शटर उघडं असताना पाणी पुढे सरकतं म्हणून. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं तर दिवसाउजेडी आत येणारा प्रकाश कशाने तरी अडवावाच लागतो. आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, १०० पर्यंत खाली आणता येतो. लेन्सचं छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करता येतं, पण एफ १६च्या पुढे गेलं की सगळं चित्रच थोडं थोडं भुरकट व्हायला लागतं. तीन फुटांच्या छपाईत ते लपत नाही. म्हणून एफ ११ वर थांबायचं आणि लेन्ससमोर काळी काच लावायची. तोच एनडी फिल्टर.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानदाराने आधी फिरवायचा एनडी पुढे केला. “दीदी, ये एक ही ले लो, घुमाते जाओ, कम-ज्यादा होता जाएगा.” सोय मोठी आहे. पण त्यात दोन पोलरायझर, म्हणजे चमक कापणाऱ्या, काचा एकमेकींवर फिरतात, आणि १८ मिमीसारख्या रुंद कोनात जास्त फिरवलं की चित्रावर काळी फुली उमटते. दुकानाच्या दारातून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा धरला तर ती तिथेच दिसली. दुकानदार हसला आणि साधे फिल्टर काढले. मी एनडी ८, एनडी ६४ आणि एक पोलरायझर घेतला, तिन्ही लेन्सच्या आट्यांच्या मापाचे. आकड्यांचा हिशेब सोपा आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. एनडी ८ म्हणजे प्रकाश आठपट कमी, तीन स्टॉप. एनडी ६४ म्हणजे चौसष्टपट कमी, सहा स्टॉप. ढगाळ सकाळी झाडीतल्या ओढ्यावर एफ ११ ला फिल्टरशिवाय १/१५ सेकंद लागत असेल, तर एनडी ८ लावून साधारण अर्धा सेकंद होतो आणि एनडी ६४ लावून चार सेकंद. तोंडी करता येतं, त्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप घ्यायची गरज मला तरी भासली नाही.

पहिली फेरी ऑगस्टमध्ये, पातालपाणीला. बरोबर पुतण्या, कारण रविवारी पहाटे उठायला घरात दुसरं कोणी तयार होईना. महूत गाडी थांबवून पोहे खाल्ले (हे लिहिलं नाही तर इंदूरचं कुणी विश्वास ठेवणार नाही) आणि पोचलो तेव्हा चोरल नदी भरून कड्यावरून कोसळत होती. काळ्या मातीच्या शेतांतून आलेलं पाणी, त्यामुळे रंग थेट चहाचा. खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. कठड्यामागे ट्रायपॉड लावला आणि १/८ सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत एकेक पायरी वर जात फोटो काढले.

घरी मोठ्या पडद्यावर ते ओळीने लावले. १/८ला पाण्याच्या चिंध्या दिसत होत्या, वरून सुटलेले लोट वेगवेगळे ओळखू येत होते. दोन सेकंदांना ते एक झाले. आठ सेकंदांच्या फोटोत तर गढूळपणाही निवळल्यासारखा वाटत होता, कुंडावर हलकं धुकं आणि वरून अलगद सोडलेला पडदा. बघताक्षणी सगळ्यांनी तोच उचलला. आत्या चष्मा सावरून म्हणाल्या, “किती शांत आहे गं! खाली पाय सोडून बसावंसं वाटतं.”

त्या वाक्याने मी तो फोटो बाजूला केला. जुलै २०११ मध्ये याच पातालपाणीला वरून अचानक लोंढा आला आणि प्रवाहात दगडावर अडकलेल्या एका कुटुंबातली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. ते चित्रीकरण तेव्हा टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. इंदूरच्या माणसाला पातालपाणी म्हटलं की ते आठवतंच. आत्यांनाही आठवतं, तरी फोटो बघताना त्यांना पाय सोडून बसावंसं वाटलं. लांब शटर पाण्याचा वेग पुसतं, आणि पुराच्या पाण्यात वेगाखेरीज दुसरं असतं काय? ओढ्याला मऊ करण्यात काही वाईट नाही, पण भर पावसातल्या पातालपाणीला मऊ करणं मला पटत नाही. तिथला माझ्याकडे ठेवलेला फोटो १/८चाच आहे. तो बघून कुणाला पाय सोडावेसे वाटत नाहीत. भिंतीवर मात्र तो नको, असं बहुमताने ठरलं.

खरं शिकणं झालं ते एका बिननावाच्या ओढ्यावर. खंडवा रोडने सिमरोल मागे टाकून चोरलकडे उतरताना सागाचं जंगल लागतं, तिथे रस्त्यापासून थोडं आत. पावसाने आठवडाभर उघडीप दिली होती, त्यामुळे पाणी निवळलेलं. धबधबा कसला, छातीएवढ्या उंचीची एक पायरी, खाली लहानसा डोह. अशा जागी वेळ मिळतो, जवळ जाता येतं आणि गर्दीही नसते.

इथे कामाचा क्रम हाताला बसला. फिल्टर न लावता आधी चौकट ठरवायची. पाण्यावर फोकस करायचा नाही, पाण्याशेजारच्या दगडावर करायचा, आणि मग लेन्सचा फोकस हाती घेऊन टाकायचा. नाहीतर काळी काच लावल्यावर कॅमेरा अंधारात चाचपडत बसतो. लेन्समधली हलणं थोपवणारी यंत्रणा ट्रायपॉडवर बंद करायची. बटण बोटाने दाबलं की कॅमेरा थरथरतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. हे सगळं केल्यावर पाणी हलतं आणि दगड जागचा हलत नाही. मऊ पाण्याच्या फोटोत अर्धं काम त्या दगडाचं असतं. दगडावरचं शेवाळ, भेगा, चिकटलेलं एखादं पान लख्ख दिसलं तरच शेजारचं पाणी वाहतंय असं डोळ्याला वाटतं. दगडही किंचित हलला असेल तर बघणारा म्हणतो, “फोटो हललाय.” आणि ते बरोबरच असतं.

पोलरायझर फिरवला की ओल्या दगडावरची आभाळाची पांढरट चमक जाते आणि खालचा तपकिरी-हिरवा रंग वर येतो. डोहाच्या तळाचे गोटे दिसू लागतात. पहिल्यांदा बघताना हे जादूचंच वाटतं. पण पूर्ण फिरवून सगळी चमक घालवू नये, दगड ओला आहे हे कळेनासं होतं. मी शेवटी थोडी राखली. शिवाय पोलरायझर स्वतःही एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे पुष्कळदा दुसरा फिल्टर लागतच नाही.

पुतण्या बारावीत, भौतिकशास्त्र ताजं. माझं अर्धा सेकंद, एक सेकंद, चार सेकंद चाललेलं बघून त्याने विचारलं, “काकू, ही पायरी किती उंच असेल?”

“पाच फूट धर. का रे?”

“म्हणजे दीड मीटर. थेंब वरून सुटला की खाली यायला त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडंसंच जास्त लागणार.”

त्याने दगडावर काडीने गणित मांडलं आणि मी समोरच्या फोटोंशी ते ताडून बघितलं. तंतोतंत जुळत होतं. १/१५ सेकंदात पायथ्याजवळचा थेंब जेमतेम फूट-सव्वा फूट सरकतो, म्हणून त्या फोटोत तुटक तुटक रेघा. अर्ध्या सेकंदात एकेक थेंब वरपासून जवळजवळ खालपर्यंत आपली रेघ पूर्ण ओढतो. धागे लांब, पण वेगवेगळे. चार सेकंदांत मात्र तीच पायरी सात-आठ वेळा पाण्याने भरून निघते, धाग्यांवर धागे चढतात आणि सगळ्याची सरासरी होऊन एक सपाट पांढरी पट्टी उरते. अर्ध्या सेकंदानंतर नवं काही येत नाही, आहे तेच पुसलं जातं. कुठल्या पाण्याला किती शटर, याचं उत्तर मला त्या काडीच्या गणितात मिळालं. चौकटीतलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला जितका वेळ घेतं, साधारण तितकंच शटर, किंवा त्याहून जरा कमी. दूरचा धबधबा चौकटीत हळू सरकतो, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. जवळचा ओढा पटकन पार होतो, त्याला कमी.

डोहाचा हिशेब वेगळा. तिथे फेस गोल गोल फिरत होता, आणि आठ सेकंद दिल्यावर त्याची वर्तुळं उमटली, डोळ्यांना तिथे न दिसलेली. म्हणजे पायरीला अर्धा सेकंद हवा आणि डोहाला आठ. एका फोटोत दोन्ही जमत नाही. दोन फोटो काढून संगणकावर जोडणारे जोडतात. मी डोह सोडला.

सागाची पानं मोठी, जराशा वाऱ्यानेही हलतात आणि फोटोत हिरवे डाग होतात. वारा पडायची वाट बघायची, दुसरा इलाज नाही. मधेच ढग फाटून ऊन आलं तर तेवढ्यापुरतं काम बंद. पानांतून गळणारं ऊन पाण्यावर पडलं की तिथल्या पांढऱ्यातले बारकावे कायमचे जातात, नंतर कितीही ओढाताण केली तरी परत येत नाहीत. त्यामुळे ढगाळ दिवशीसुद्धा मी कॅमेरा सांगेल त्यापेक्षा पाऊण-एक स्टॉप कमीच उजेड घेत होते आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाचं, उजवं टोक भिंतीला टेकत नाही ना, हे दर फोटोनंतर बघत होते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलमधून काळा दगड वर उचलता येतो. गेलेलं पांढरं आणता येत नाही.

पुतण्याने तोवर आपल्या आयफोनवर लाइव्ह फोटो घेऊन त्याला लाँग एक्स्पोजर करून टाकलं होतं. ट्रायपॉड नाही, फिल्टर नाही, दोन टिचक्यांत काम. फोन छोट्या चित्रफितीतली चित्रं एकावर एक रचून तोच परिणाम आणतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या फोटोला माझ्यापेक्षा जास्त वाहवा मिळाली. तीन फुटांवर छापला असता तर पानांचा लगदा दिसला असता, पण भिंत त्याची नव्हती.

दिवाळीनंतर महेश्वर. पाऊस संपून नर्मदा निवळली की तिचं पाणी हिरवट होतं आणि काळे दगड पुन्हा वर येतात. इंदूरहून नव्वदेक किलोमीटर, काळोखात निघालो. मानपूरनंतरचा घाट उतरलं की हवा बदलते, आणि गाडीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर दव धरतं. कॅमेऱ्याची पिशवी बंदच ठेवून घाटावर थोडा वेळ बसलो.

अहिल्याबाईंच्या किल्ल्याखाली नदी रुंद आणि संथ. इथे अर्धा सेकंद काही कामाचा नाही, लाटा फक्त फोकस चुकल्यासारख्या दिसतात. संथ पाण्याला चौकट ओलांडायला वेळ लागतो, काडीचं गणित इथेही लागू. खालच्या दादांनी या फेरीसाठी आपला एनडी १००० दिला होता, दहा स्टॉपचा. उजाडल्यावर एफ ११ ला १/३० येत होतं, त्याचे झाले तीस सेकंदांच्या वर. माझा कॅमेरा आपणहून तीस सेकंदांच्या पुढे जात नाही. पुढे बल्ब मोड, म्हणजे बटण दाबून ठेवू तितका वेळ शटर उघडं, आणि वायरचं बटण लागतं. मी आयएसओ न हलवता छिद्र जरा मोठं केलं आणि तिसात बसवलं. इतक्या लांब शटरला डोळा लावायच्या मागच्या खिडकीतूनही उजेड आत शिरतो आणि चित्रावर पट्टा उमटतो, म्हणून ती रुमालाने झाकली. फोटो झाल्यावर कॅमेरा आणखी तीस सेकंद गप्प बसतो. तेवढ्याच वेळाचा एक अंधारा फोटो घेऊन तो आपल्या मूळ फोटोतले रंगीत ठिपके वजा करत असतो. ही सोय बंद करता येते, मी केली नाही. घाटावर बसून राहायला तेवढंच निमित्त.

नदीमधल्या बाणेश्वराच्या देवळाभोवती पाण्याची काच झाली. लाट नाही, ओरखडा नाही. बांधलेल्या होड्या डुलत होत्या, त्या दुहेरी, भुताटकीच्या. आणि मधून गेलेली होडी चित्रात आलीच नाही. होडीवाला पडद्यात डोकावला. “दीदी, मैं तो अभी सामने से निकला। मेरी नाव कहाँ गई?” तीस सेकंदांत ती कुठल्याच एका जागी पुरेशी थांबली नव्हती, हे त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात हा प्रकार निवडीचा नव्हताच. ओल्या काचेवर फोटो घ्यायचे तेव्हा एकेका फोटोला सेकंदच्या सेकंद लागत, त्यामुळे नदी म्हटली की ती धुरकटच यायची आणि चालती माणसं गायब व्हायची. आपल्या इंदूरशी याचा धागा आहे. लाला दीनदयाळ रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नक्शे काढायच्या नोकरीवर आले आणि १८७४ मध्ये इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. त्या पिढीने वाहतं पाणी गोठवता येईल अशा काचेसाठी वाट बघितली, आणि आम्ही पैसे खर्चून काळ्या काचा लावतो.

काच झालेली नर्मदा सुंदर होती, पण ती नर्मदा आहे हे सांगायला देऊळ लागत होतं. तिथून खाली चार-पाच किलोमीटरवर, जलकोटीजवळ सहस्रधारा. तीच नदी इथे काळ्या खडकांत फुटून असंख्य वाटांनी धावते. एकाच सकाळी, एकाच नदीवर, तीस सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर यावं लागलं. वर ओंकारेश्वरचं धरण आणि वीजघर आहे, तिथून पाणी सुटलं की पातळी चढते. तिथल्या एका मासेमाराने न विचारता सांगितलं की सामान उंच दगडावर ठेवा आणि मागची वाट पाण्याखाली जाईल अशा जागी उभे राहू नका. पुतण्याला मी फक्त मागच्या वाटेवर नजर ठेवायचं काम दिलं.

आठच्या सुमाराला तिरपं ऊन. एफ ११ ला फिल्टरशिवाय १/१२५, एनडी ६४ लावून अर्धा सेकंद. अर्ध्याला धारा जरा जास्तच गुळगुळीत, कारण पाणी जवळ आणि जोरात. छिद्र एफ ८ केलं, पाव सेकंद आला. पावाला धागे सुटे दिसत होते, दगडावर आपटून उडणाऱ्या पाण्याच्या वेण्या दिसत होत्या, आणि पाणी किती जोरात आहे हेही कळत होतं. दर दोन-तीन फोटोंनंतर काचेवरचे तुषार मऊ कापडाने टिपायचे, एकही थेंब राहिला तर चित्रात तिथे डाग. पुतण्या “काकू, चल आता” म्हणेपर्यंत मी तेवढंच करत राहिले.

छपाईला दोन फाइली दिल्या, बाणेश्वराची काच आणि सहस्रधारेचा पाव सेकंद. छापणाऱ्या काकांनी आधी एक पट्टी छापून दाखवली. त्यात धारेच्या मधोमध शाईच नव्हती, नुसता कोरा कागद. पडद्यावर जे जेमतेम पांढरं दिसतं ते मॅट कागदावर बिनशाईचं उरतं, असं ते म्हणाले. पांढरं थोडं खाली ओढलं, इतकं की पडद्यावर मळकट वाटावं, तेव्हा कागदावर धागे दिसले. समोर खिडकी असल्याने फ्रेमला काच लावली नाही. सासूबाईंना अजूनही बाणेश्वरचा फोटो जास्त आवडतो. तो छोटा छापून त्यांच्या खोलीत लावलाय.